रॅम्पवरचा उजवा पाय

सकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डातून ट्रॉली बाहेर पडली. ट्रॉलीवर खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी, उशाखाली एक्स-रेचा कागद, दांडीला टांगलेली सलाईनची बाटली. उशाकडचा लोखंडी दांडा दोन्ही हातांत धरून, मागे रेलून एक उंच माणूस ट्रॉली रॅम्पवरून खाली उतरवत होता. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यानं नेहमीप्रमाणे उजवा पाय टाकला, टाच आपटली, गुडघा ताठ केला, आणि गुडघा ताठ झालाच नाही. तो आतल्या बाजूला घसरल्यासारखा झाला. ट्रॉली हातभर पुढे सरकली आणि भिंतीला लावलेल्या रबरी पट्टीवर धडकली.

"मामा, काय आपटलं?" आजींनी विचारलं.

"काही नाही आजी. भिंतीची विचारपूस केली."

आजी हसल्या. सलाईनची बाटली हेलकावे खात राहिली. तेवीस वर्षांत त्याच्या ट्रॉलीवरची बाटली अशी हललेली कुणी पाहिली नव्हती.

छातीवरच्या बिल्ल्यावर या माणसाचं नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. रुग्ण त्याला मामा म्हणतात, कारण इस्पितळात ट्रॉली ओढणारे सगळेच मामा असतात. बरोबरीचे त्याला ढांग्या म्हणतात. अठ्ठाविसाव्या वर्षी, लाकडाच्या वखारीतलं काम सोडून तो इथं लागला, तेव्हा बाकीच्यांच्या तीन पावलांत होणारं अंतर तो दोन पावलांत कापायचा. ते नाव तेव्हा पडलं आणि चिकटलं. आता तो एक्कावन्न वर्षांचा आहे.

इस्पितळाला तीन मजले आणि दोन लिफ्ट आहेत. एक लिफ्ट शस्त्रक्रिया विभागासाठी राखून ठेवलेली. दुसरीवर 'दुरुस्ती चालू आहे' असा फलक चौदा महिन्यांपासून लटकतो आहे. त्यातला 'चालू' हा शब्द कुणी तरी नखानं खरवडून टाकला आहे. त्यामुळे एक्स-रे, तपासण्या, व्यायाम, घरी सोडणं, सगळी ये-जा रॅम्पवरून होते. नियमाप्रमाणे एका ट्रॉलीला दोन माणसं. पण पाळीत माणसं असतात सहा आणि बोलावणी एका वेळी येतात सोळा, म्हणून उतरताना एकच असतो. एकट्यानं भरलेली ट्रॉली उतारावर रोखून धरायची या लोकांची एक पद्धत आहे. तिला ते खुंटी मारणं म्हणतात. उजवा पाय पुढे टाकायचा, टाच जमिनीवर ठोकायची, गुडघा कुलूप घातल्यासारखा ताठ करायचा आणि ट्रॉलीचं सगळं वजन क्षणभर त्या एका पायावर थोपवायचं. मग डावा पाय आणायचा. पुन्हा उजवा. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात खुंटी शिकवतात, आणि ती शिकवायची तर ढांग्यानंच, असा रिवाज होता. त्याच्या हाताखालून तीसेक जण तरी गेले असतील.

गुडघा त्या सकाळी एकाएकी बिघडला नव्हता. दोन वर्षं तो संध्याकाळी सुजत होता. घरी तिसऱ्या मजल्यावर चढताना कठड्याला धरावं लागत होतं. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण रॅम्पवर गुडघ्याचं नाव काढत नाहीत. काढलं की माणूस तळघरात जातो. तळघरात कपडे खोली आहे. तिथं चार माणसं दिवसभर मळक्या चादरी मोजतात आणि धुतलेल्यांच्या घड्या घालतात. चौघंही रॅम्पवरूनच खाली गेलेले, तिघं गुडघ्यापायी, एक कमरेपायी. पूर्वी त्याची इतकी धास्ती नव्हती. आता कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली होती: कपड्यांचं काम वर्षअखेरीपासून बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाणार, आणि त्या दिवशी कपडे खोलीत ज्यांची नेमणूक असेल, त्यांची सेवा तिथंच संपणार. म्हणजे या वर्षी जो खाली जाईल, तो डिसेंबरात घरी जाईल. ढांग्याची नोकरीची नऊ वर्षं बाकी होती.

आजींना एक्स-रेच्या दाराशी सोडून तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिथून पुढचा रुग्ण त्याला तळमजल्यावरच्या व्यायाम विभागात न्यायचा होता.

व्यायाम विभाग चालवणारी बाई एकोणतीस वर्षांची. तिला येऊन अकरा महिने झाले होते. मामा लोक तिला व्यायामबाई म्हणत, आणि हे तिला माहीत होतं. तिनं रुग्णाला बाकावर घेतलं, पट्टे लावले आणि मागे न वळता म्हणाली,

"मामा, तुम्ही येताय हे मला दोन दारं आधीच कळतं."

"कसं काय?"

"डावा पाय येतो. उजवा आदळतो."

"फरशी खराब आहे इथली."

"फरशी दोन्ही पायांना सारखीच आहे."

तिनं त्याला विजार गुडघ्यावर घ्यायला सांगितली. त्यानं आधी दार लोटून घेतलं. गुडघ्याची आतली बाजू सुजली होती. तिनं अंगठ्यानं दाबलं तेव्हा त्यानं छताकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले, वर्षं विचारा."

"कुणाला सांगितलंय?"

"तुम्हाला. तेही तुम्ही दाबून काढलंत म्हणून."

तिनं त्याला आरशासमोर दहा पावलं चालायला लावलं, मग जमिनीवर तिरप्या चिकटपट्ट्या लावून पुन्हा. तिचं म्हणणं साधं होतं. झिजलेलं भरून येत नाही. पण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जो भार रोज पडतो, तो कसा पडावा हे पावलाच्या ठेवणीवर असतं, आणि ठेवण बदलता येते. ढांग्याचा उजवा पंजा चालताना बाहेर फाकत होता. तो किंचित आत वळवून तिनं तीन अंश पाहिले, पाच पाहिले, सात पाहिले. सातावर त्याची पोटरी धरली, तिनावर फरक कळला नाही, पाचावर तो थांबून म्हणाला, "इथं जरा बरं वाटतंय." तिनं पाच लिहून घेतले.

"हा तुमचा आकडा. दुसऱ्या कुणाला देऊ नका, त्याला लागू पडेलच असं नाही. आता पाऊल लहान करायचं. टाच ठेवायची, आपटायची नाही. वळताना एका पायावर गिरकी घ्यायची नाही, तीन छोटी पावलं टाकून वळायचं. आणि ती तुमची खुंटी आजपासून बंद."

"खुंटी बंद, तर ट्रॉली थांबवू कशानं? तुमच्या नावानं?"

"गुडघा थोडा वाकलेला ठेवा. ट्रॉली सरळ सोडू नका, रॅम्पवर या भिंतीकडून त्या भिंतीकडे तिरपी उतरवा. वजन मांड्यांत घ्या. वेळ जास्त लागेल."

"मॅडम, हे चालणं नाही. ही मोजणी झाली."

"सहा आठवडे मोजा. पाय दुसऱ्याचे वाटतील. नंतर मोजावं लागणार नाही."

अशी सुरुवात झाली. रोज नऊ वाजून दहा मिनिटांपासून नऊ बावीसपर्यंत, रुग्ण पट्ट्यांत अडकलेला असेपर्यंत, ढांग्या आरशासमोर चालायचा. त्या बदल्यात तो तिचे जड रुग्ण बाकावरून खुर्चीत उचलून द्यायचा. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की बसल्यावर उठता येईना. दुसऱ्या आठवड्यात तो दोनदा स्वतःच्याच पायात पाय अडकून धडपडला. रॅम्पवर एका फेरीला चार मिनिटं लागायची, ती साडेपाच लागू लागली. ती दीड मिनिटं भरून काढायला त्यानं चहाची सुट्टी सोडली.

घरी दोन खोल्या. दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत अकरा फरश्या. ढांग्या संध्याकाळी त्या अकरा फरश्यांवर जायचा आणि यायचा, नजर खाली. त्याची बायको शिवणकामाच्या कारखान्यात काजं करते. दिवसभर मान खाली घालून आल्यावर तिला घरात कुणी मान खाली घातलेली आवडत नाही.

"अहो, फरशी ओली आहे का?"

"नाही."

"मग असे काय चालताय, मांजर दुधाकडे निघाल्यासारखे?"

"गुडघ्यासाठी आहे."

"गुडघ्यासाठी आहे तर गुडघ्याकडे बघा. सारखं माझ्या फरशीकडे काय बघताय, पुसली नाही की काय मी?"

मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची आणि फोनवर त्याच्या पायांचं चित्रण करायची. मग दाखवायची.

"बाबा, तुम्ही डावाही आत वळवताय. डाव्यानं काय गुन्हा केलाय?"

"एकट्या उजव्याला शिक्षा नको म्हणून सोबतीला दिला."

"पुन्हा चाला. आणि आता पोट आत."

"पोटाचं बाई काही बोलल्या नव्हत्या."

"मी बोलतेय."

तिसऱ्या महिन्यात मोजणी सुटली. कोणत्या दिवशी सुटली हे त्याला सांगता आलं नाही. एकदा तो घराच्या जिन्यावरून पिशव्या घेऊन वर आला, आणि दार उघडताना त्याच्या लक्षात आलं की दोन्ही हातांत पिशव्या आहेत, म्हणजे कठडा धरला नव्हता. व्यायामबाईनं फितीनं गुडघा मोजला. पहिल्या दिवशी घेर साडेएक्केचाळीस सेंटिमीटर होता, आता एकोणचाळीस. तिनं दोन्ही आकडे त्याला दाखवले. तो म्हणाला, "इतकं कमी खाऊनसुद्धा पोट उतरत नाही, आणि हा उतरला." त्याच्या येण्याचा आवाज आता तिला दाराशी येईपर्यंत कळत नसे.

पण रॅम्पवर वेगळंच घडत होतं.

रॅम्पवरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. कुणी काही सांगत नसल्यामुळे सगळं पायांवरून ओळखायचं, ही तिथली जुनी सवय. गुडघ्यापायी तळघरात गेलेल्या तिघांचंही आधी पाऊल लहान झालं होतं. तिघंही म्हणाले होते, काही झालेलं नाही. त्यामुळे ढांग्याचं पाऊल लहान झालं तेव्हा सगळ्यांनी ते पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे कुणीच काही विचारलं नाही. पहिल्यांदा थोडी थट्टा झाली. "ढांग्याचा मुंग्या झाला," असं एक जण म्हणाला. मग थट्टाही बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

त्याचा जोडीदार बुटका. एकोणीस वर्षं दोघांनी एकाच पाळीत काम केलं, एकाच बाकावर डबा खाल्ला. बुटका नावाप्रमाणे आखूड आणि रुंद, आणि त्याच्या टाचेचा आवाज तिन्ही मजल्यांवर जायचा. एक दिवस त्यानं ढांग्याच्या हातातून दांडा काढून घेतला.

"आण इकडे. तू सपाटीवरच्या फेऱ्या घे."

"मला दुखत नाहीये रे."

"बरोबर. इथं कुणाला दुखतं?"

"खरंच नाही दुखत. आधी दुखायचं. आता चालणं बदललंय म्हणून बरं आहे."

"तळघरातला तात्या पण हेच म्हणायचा. बूट बदललेत म्हणायचा."

"तात्या लपवत होता."

"आणि तू? तू तर भर रॅम्पवर दाखवत फिरतोयस."

ढांग्यानं त्याला समजावून पाहिलं. पाच अंश, लहान पाऊल, मऊ गुडघा. बुटक्यानं चार पावलं तशी टाकली आणि थांबला. "माझ्या आईनं मला एकदा चालायला शिकवलंय," तो म्हणाला, "ते पुरे."

त्यानंतर बुटका न बोलता त्याच्या उताराच्या फेऱ्या उचलू लागला. बोलावणं आलं की हा उठायच्या आत तो गेलेला असायचा. रॅम्पच्या तोंडाशी एक वही असते. जो फेरी करतो, तो आपल्या नावापुढे रेघ मारतो. ढांग्यापुढे पूर्वी दिवसाला अठरा-एकोणीस रेघा असायच्या. चौथ्या महिन्यात त्या अकरा झाल्या. बुटक्यापुढच्या सत्तावीस झाल्या.

मुकादम वही महिन्याच्या शेवटी बघतो. पूर्वी तो स्वतः ट्रॉली ओढत होता. आता त्याच्याकडे टेबल आहे, त्यामुळे त्याला पाय दिसत नाहीत, रेघा दिसतात.

"ढांग्या, या रेघा गळायला लागल्या की काय?"

ढांग्यानं वहीकडे पाहिलं. फेऱ्या आपसांत बदलायच्या नाहीत असा नियम आहे. बुटक्याचं नाव सांगितलं असतं तर ठपका त्याच्यावर आला असता.

"जरा चालून दाखव. दारापर्यंत." ढांग्या दारापर्यंत गेला आणि तीन छोटी पावलं टाकून वळला. "हे काय नवीन काढलंस?"

"व्यायामबाईंनी शिकवलंय."

"म्हणजे उपचार चालू आहेत."

"उपचार नाहीत. चालायला शिकवलंय."

"चालणं बिघडल्याशिवाय कुणी कुणाला चालायला शिकवतं का? तुला एक्कावन्नाव्या वर्षी शिकवतायत म्हणजे काही तरी असेलच ना."

मुकादमानं तपासणीच्या यादीत त्याचं नाव घातलं. ही तपासणी वर्षातून एकदा होते. यादीत मुकादम सुचवेल ती नावं असतात. कार्यालयासमोरच्या बोळात तीस मीटर अंतर मोजून घेतात. जायचं आणि यायचं, एवढंच. बघायला इस्पितळाचे मोठे साहेब, मुकादम आणि एक लिपिक.

व्यायामबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग तर चांगलंच आहे. मी पत्र देते." तिनं त्याच दिवशी पत्र लिहिलं आणि त्याच्या हातात न देता, सरळ कार्यालयात पोचतं केलं. पत्रात तीन वाक्यं होती. उजव्या गुडघ्याच्या आतील बाजूस मध्यम झीज आहे. चालण्याच्या पद्धतीत बदल केल्यापासून सूज व वेदना कमी झाल्या आहेत. याच पद्धतीने रॅम्पवरील काम चालू ठेवण्यास हरकत नाही. तिन्ही वाक्यं खरी होती. पण त्या दिवसापर्यंत ढांग्याच्या गुडघ्याला काही झालं आहे असं सांगणारा कागद इस्पितळात कुठंही नव्हता. लिपिकानं पत्र वाचलं, पहिल्या वाक्याखाली रेघ ओढली आणि ते फाइलला लावलं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना घरात तोच विषय होता.

"पत्र आहे ना," मुलगी म्हणाली. "मग जसं चालता तसंच चाला. उलट त्यांना समजावून सांगा. आम्हाला हेच शिकवतात, कमरेला नि गुडघ्याला जपून कसं उचलायचं, कसं चालायचं."

"तुम्हाला शिकवणारे उद्या तिथं बसणार आहेत का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग गप्प जेव." ती नवऱ्याकडे वळली. "आधी चालायचात तसे चाला. किती मीटर आहे म्हणालात?"

"तीस. जाऊन येऊन साठ."

"साठ मीटर. तेवीस वर्षं चाललात तसे आणखी साठ मीटर चाला आणि घरी या. मग तुमचं ते हळूहळू चालू द्या जन्मभर. मी फरशीवरून काही बोलणार नाही."

दुपारी बुटकाही हेच म्हणाला होता. "दोन मिनिटं जुना ढांग्या हो. दोन मिनिटांत गुडघा काय पळून जातोय?"

ढांग्याला ते पटलं. त्यानं जेवण झाल्यावर घरात चालून पाहिलं नाही. जे तेवीस वर्षं केलं, त्याची तालीम काय करायची, असं त्याला वाटलं. या सगळ्या प्रकरणात त्याची स्वतःची म्हणावी अशी चूक एवढीच.

मंगळवारी अकरा वाजता बोळात दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मोठे साहेब खुर्चीवर बसले होते. ते मुळात डोळ्यांचे डॉक्टर. पाच जण यादीत होते. बुटका तिसरा. सत्तावीस रेघांनी मुकादमाचं लक्ष त्याच्याकडेही गेलं होतं. विजारीच्या आत त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टा आवळलेला होता आणि सकाळी त्यानं चहाबरोबर दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. हे तोपर्यंत फक्त त्यालाच ठाऊक होतं. तो टाचा ठोकत गेला आणि टाचा ठोकत आला. मोठे साहेब म्हणाले, "याला काय झालंय? हा तर कवायत करतोय." लिपिकानं लिहिलं, चाल उत्तम.

ढांग्या चौथा. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो पट्टीवर उभा राहिला आणि त्यानं पहिली ढांग टाकली. लांब, टाच आपटून, पूर्वीसारखी. दुसरीही तशीच पडली. तिसऱ्या पावलाला उजवा पंजा आपोआप आत वळला. त्यानं तो बाहेर ओढला. त्यामुळे चौथं पाऊल आखूड पडलं. पाचवं त्यानं मुद्दाम लांब टाकलं, पण गुडघा जिथं ताठ व्हायला हवा होता तिथं वाकलेलाच राहिला, आणि वजन कुठं ठेवायचं हे पायाला कळेना. चार महिन्यांत पायानं जुनं सोडून दिलं होतं. पावलं कधी मांजराची, कधी वखारीतल्या हमालाची पडू लागली. बाराव्या मीटरला तो उजवीकडे कलला आणि त्यानं भिंतीला हात लावला. बघणाऱ्या कुणाच्याही दृष्टीनं तो लंगडा माणूस होता.

पलीकडच्या पट्टीपाशी पोचल्यावर त्यानं जुन्याचा नाद सोडला. परतीचे तीस मीटर तो नव्या चालीनं आला. समान पावलं, आवाज नाही, अंगात कुठं झोल नाही. चार महिन्यांत इतकं चांगलं तो कधी चालला नव्हता. पण मोठे साहेब तेव्हा लिपिकाला शेरा सांगत होते, आणि मुकादम लिपिकाच्या पेनाकडे बघत होता.

"साहेब, पुन्हा एकदा चालू का?"

"कशाला? पाहिलं की मी. आणि पत्र पण आहे तुमचं." त्यांनी फाइल चाळली. "झीज आहे म्हणतात. काळजी घ्या. रॅम्प तुमच्यासारख्यानं करू नये आता."

शेरा असा: चालण्यात दोष. रॅम्पच्या कामास अयोग्य. कपडे खोली.

व्यायामबाई साडेबारा वाजता मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली आणि सात मिनिटांनी बाहेर आली. आत काय झालं ते तिनं व्यायाम विभागात ढांग्याला सांगितलं. तिनं सूज उतरल्याचे आकडे दाखवले. साहेब म्हणाले, तुमच्याच पत्रात झीज लिहिलेली आहे, मी ती खोडू का? ती म्हणाली, परतताना ते कसे चालले ते बघा. साहेब म्हणाले, जाताना कसे चालले ते मी बघितलंय.

"मी ते पहिलं वाक्य लिहायलाच नको होतं," ती म्हणाली.

"मग दुसरं वाक्य कशाबद्दल लिहिलं असतंत?"

"मी वर अर्ज करते. दोन-तीन महिने लागतील."

"करा," ढांग्या म्हणाला. वर्षअखेरीला दहा आठवडे होते. दोघांनाही ते माहीत होतं. त्यानं बाकावरच्या रुग्णाला काखेत हात घालून खुर्चीत बसवलं, कारण त्याची वेळ झाली होती.

डबा खायच्या बाकावर बुटका बसून होता. त्यानं डबा उघडला नव्हता.

"मला वाटलं तुला आराम मिळेल," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मुकादमाला सांगायचंस ना. माझ्या फेऱ्या बुटका नेतो म्हणून."

"मग तुझं नाव खाली गेलं असतं."

"जाऊ द्यायचं होतंस." बुटक्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि विजारीवरून डावा गुडघा चाचपला. आत पट्ट्याची कड लागत होती. "माझा खरंच गेलाय. तीन वर्षं झाली."

ढांग्या त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"तू टाच आपटतोस ती..."

"मुद्दाम. आवाज आला की कुणी बघत नाही."

"आणि वर माझ्या फेऱ्या ओढत होतास."

"तुझा जास्त गेलाय असं वाटलं मला."

मग ढांग्यानं दोघांचे डबे उघडले. जेवण संपल्यावर त्यानं बुटक्याला बाकापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं आणि पंजा कुठं पडतो ते वाकून पाहिलं. बुटका परत येऊन बसला. म्हणाला, नको. रॅम्पवर आता मी एकटाच राहिलो जुन्यांतला. पाऊल लहान केलं की यादीत जाईन. ढांग्यानं पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, मी येते उद्या, मी बोलते साहेबांशी. तो म्हणाला, तुझी परीक्षा आहे. बायकोनं त्याला एवढंच विचारलं, की चाललात ना तसे, मी सांगितलं तसे? तो म्हणाला, "चाललो. जमलं नाही." ती काही वेळानं उठली आणि उद्याच्या डब्याची भाजी चिरायला बसली.

पुढच्या दिवसाचा तक्ता दुपारी तीन वाजताच लागला होता. पहिली पाळी, रॅम्प, तिसरा मजला: बुटका. जोडीदाराची जागा रिकामी. पहिली पाळी, तळघर, कपडे खोली: पाच नावं, पाचवं हातानं लिहिलेलं. कपडे खोली सकाळी साडेसहाला उघडते. शस्त्रक्रिया विभागातल्या चादरींचं पहिलं गाठोडं पावणेसातला खाली येतं.